बीपी नॉर्मल, तरी बीपीची गोळी: मधुमेहींनी ती कशी घ्यावी, कधी थांबवावी

"बीपी ते नॉर्मल शे, मंग गोयी कसाले?" शुगरच्या पेशंटच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो. डॉक्टरांनी लघवी तपासून टेल्मिसार्टन नाहीतर रामिप्रिल लिहून दिलेली असते. मेडिकलवाला स्ट्रिप हातात देताना "ही बीपीची" म्हणून मोकळा होतो. घरी मशीनवर आकडा येतो १२६/७८. महिनाभरात गोळी बंद होते. याच्या उलट काही माणसं ती इतक्या इमानाने घेतात की जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आटलं तरी एक दिवस चुकवत नाहीत. पहिल्याची किडनी वर्षानुवर्षं झिजत जाते, दुसऱ्याची दोन दिवसांत बसू शकते. म्हणून ही गोळी नेमकं काय करते हे आधी कळायला हवं. ते कळलं की ती कधी घ्यायची आणि कधी थांबवायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

ठिबकचा फिल्टर डोळ्यांपुढे आणा

ज्यांच्या केळीत ठिबक आहे त्यांना हे लगेच समजेल. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. एका गाळणीत रक्त आणणारी एक नळी, आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. मधुमेहात आत येणारी नळी सैल पडते आणि बाहेर जाणारी आवळली जाते. ती आवळण्याचं काम अँजिओटेन्सिन नावाचा शरीरातलाच पदार्थ करतो. फिल्टरच्या मागचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि पुढचा अर्धा बंद ठेवला तर जाळीवर दाब चढतो, तसंच इथे होतं. दंडावर मोजलेलं बीपी चांगलं असलं तरी गाळणीच्या आतला दाब जास्तच राहतो. जाळी ताणली जाते, तिची भोकं मोठी होतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन लघवीत उतरायला लागतं. पुढे त्या जाळीवर वण धरतात आणि ती गाळणी कायमची बाद होते.

'-प्रिल' आणि '-सार्टन' या दोन घराण्यांच्या गोळ्या अँजिओटेन्सिनला अडवतात, म्हणजे पुढचा व्हॉल्व्ह सैल करतात. जाळीवरचा दाब उतरतो, प्रोटीनची गळती कमी होते. दंडावरचं बीपी उतरतं तो या गोळीचा एक फायदा, पण मधुमेहीला ती बऱ्याचदा या दुसऱ्या कामासाठी दिलेली असते. घरच्या मशीनवर हे काम दिसत नाही, लघवीच्या तपासणीत दिसतं.

याच चित्रातून तिचा धोकाही कळतो. विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटार कमी पाणी उचलायला लागली, तर थोडाफार दाब टिकवायला पुढचा व्हॉल्व्ह आवळावाच लागतो. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी नेमकं हेच करते. गोळी चालू असेल तर तिला ते करता येत नाही, आणि गाळणं थांबतं.

हे सिद्ध कधी झालं

१९९३ साली टाइप १ मधुमेहाच्या ४०९ रुग्णांवर कॅप्टोप्रिल वापरून पाहिलं गेलं. क्रिएटिनिन (रक्तातला हा कचरा किडनी गाळून टाकते, तो वाढला म्हणजे किडनी मंदावली) दुप्पट होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. (कॅप्टोप्रिलचं मूळ ब्राझीलच्या एका सापाच्या विषाच्या अभ्यासात आहे. त्या सापाच्या दंशाने बीपी कोसळतं, त्याचं कारण शोधताना हे औषध सुचलं.) २००१ साली टाइप २ च्या रुग्णांवरचे दोन मोठे अभ्यास आले, एक लोसार्टनचा, दुसरा इर्बेसार्टनचा. लोसार्टनने किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी केला. इर्बेसार्टनच्या अभ्यासात दुसऱ्या एका गटाला अमलोडिपिन ही वेगळ्या घराण्याची बीपीची गोळी दिली होती. दोन्ही गटांचं बीपी जवळपास सारखंच उतरलं, पण किडनी इर्बेसार्टनच्या गटात जास्त टिकली. 'कुठलीही बीपीची गोळी चालते' असं म्हणणाऱ्याला एवढं उत्तर पुरे.

एक मात्र स्पष्ट असू द्या. ही गोळी गेलेली किडनी परत आणत नाही, झीज मंदावते. दहा वर्षांनी येणारं डायलिसिस वीस वर्षांनी यावं, किंवा येऊच नये, यासाठी ती आहे. 'फरक काहीच जाणवत नाही' म्हणून ती सोडणं हा चुकीचा हिशेब, कारण यात जाणवण्यासारखं काही नसतंच.

गोळी कुणाला लागते: लघवीची नेमकी तपासणी

साधी लघवी तपासणी, म्हणजे पट्टी बुडवून केलेली, सुरुवातीची गळती पकडू शकत नाही. लघवीला फेस दिसेपर्यंत थांबलात तर बराच काळ हातचा गेलेला असतो. लॅबमध्ये 'एसीआर' मागा. यात लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढतात. निकाल मिलिग्रॅम प्रति ग्रॅम या एककात येतो.

३० च्या आत असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू झाली. ३०० च्या वर म्हणजे जोरात आहे. टाइप २ असेल तर शुगर कळली त्याच वेळी ही तपासणी करायची, टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर, आणि मग दोघांनीही वर्षातून एकदा. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला 'ईजीएफआर', म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, हवा. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बाईचं क्रिएटिनिन १.१ दिसलं तरी तिची किडनी बरीच मंदावलेली असू शकते, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि तिच्या अंगावर स्नायूच कमी असतात.

नमुना द्यायचा तो सकाळच्या पहिल्या लघवीचा. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या, डबी लॅबमधूनच आणा. घरातली औषधाची रिकामी बाटली धुऊन वापरू नका. ताप, लघवीची जळजळ, पाळी, आदल्या दिवशीचं अंगमेहनतीचं काम किंवा शुगर खूप चढलेली असताना हा आकडा खोटा वाढतो. दिवसभर केळीचे घड वाहिले आणि दुसऱ्या दिवशी तपासणी केली तर तो निकाल धरू नये. पहिला आकडा वाढलेला आला म्हणून लगेच शिक्का मारायचा नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनदा तपासून दोनदा वाढलेला आला, तर गळती खरी.

गळती आहे आणि बीपीही आहे, तर या गोळीविषयी शंका नाही. गळती आहे पण बीपी नाही, तरीही डॉक्टर बहुतेक वेळा देतात. गळतीही नाही, बीपीही नाही, तर 'किडनी जपायला' म्हणून ती घेण्यात फायदा नाही. शेजारच्याला दिली म्हणून आपणही सुरू केली, असं करू नका.

स्ट्रिपवरचं नाव वाचायला शिका

ब्रँडची नावं शेकडो आहेत, ती लक्षात ठेवायची गरज नाही. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, ते पाहा. शेवट '-प्रिल' असेल (एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल) तर पहिलं घराणं. शेवट '-सार्टन' असेल (लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन, इर्बेसार्टन) तर दुसरं. किडनीसाठी दोन्ही चालतात. '-प्रिल' घेणाऱ्या काहींना कोरडा ठसका लागतो, रात्री जास्त. कफ नाही, ताप नाही, खोकल्याच्या औषधाने फरक नाही, आणि हे सुरू झालं ते गोळीनंतर, तर डॉक्टरांना सांगा. '-सार्टन' दिली की तो सहसा जातो. ओठ, जीभ किंवा चेहरा एकदम सुजला तर मात्र वाट पाहायची नाही, थेट दवाखाना. ज्याला '-प्रिल'मुळे अशी सूज आली त्याने ते घराणं आयुष्यभर टाळायचं.

ब्रँडच्या नावापुढची शेपटीही महत्त्वाची. 'एएम' म्हणजे बहुतेक वेळा सोबत अमलोडिपिन. त्याने घोट्याजवळ सूज येऊ शकते आणि माणसाला वाटतं किडनीच गेली. 'एच' म्हणजे सोबत लघवी वाढवणारी गोळी. मेडिकलवर साधी टेल्मिसार्टन संपली म्हणून 'एच'वाली दिली तर घेऊ नका. उन्हाळ्यात हा बदल अंगावर येतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र दोन घराण्यांची गोळी एकाच वेळी घेण्याची. जळगावच्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन लिहिली, गावच्या डॉक्टरांकडून रामिप्रिल आधीपासून चालू आहे, आणि एकमेकांची चिठ्ठी कुणीच पाहिली नाही. 'दोन म्हणजे दुप्पट फायदा' हा समज जगभरच्या डॉक्टरांनाही काही काळ होता. २००८ साली पंचवीस हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात टेल्मिसार्टन आणि रामिप्रिल एकत्र देऊन पाहिलं, तेव्हा फायदा वाढला नाही, किडनीला इजा मात्र वाढली. २०१३ साली मधुमेही रुग्णांवर लोसार्टन आणि लिसिनोप्रिल एकत्र देणारा अभ्यास तर मध्येच थांबवावा लागला. म्हणून एका वेळी एकच. दवाखान्यात जाताना चिठ्ठ्यांसोबत घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या.

सुरू करताना

गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासलेलं असावं, कारण ही गोळी पोटॅशियम शरीरात राखून ठेवते. पोटॅशियम आधीच ५.५ च्या जवळपास असेल तर डॉक्टर आधी ते खाली आणतात.

सुरुवात लहान मात्रेने होते. वयस्कर माणसाला टेल्मिसार्टन २० किंवा ४० मिलिग्रॅम, लोसार्टन २५ किंवा ५०, रामिप्रिल २.५ अशी. मग सोसेल तशी ती वाढवत नेतात: टेल्मिसार्टन ८०, लोसार्टन १००, इर्बेसार्टन ३००, रामिप्रिल १० पर्यंत. बीपी आटोक्यात असतानाही डॉक्टर मात्रा वाढवतात तेव्हा घरचे नाराज होतात. पण किडनीसाठीचे अभ्यास याच मोठ्या मात्रांवर झालेत. चक्कर येत नसेल आणि रक्ताचे आकडे ठीक असतील तर ४० वर अडकून राहण्यात अर्थ नाही. सकाळी घ्या की रात्री, फरक पडत नाही. रोजची वेळ एकच ठेवा. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

सुरू केल्यावर, आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर, दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पुन्हा तपासा. किडनी आधीच मंदावलेली असेल किंवा वय जास्त असेल तर एक-दोन आठवड्यांतच. ही तपासणी लोक सर्रास टाळतात, आणि नंतरचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येऊ शकतं. घाबरून गोळी बंद करू नका. जाळीवरचा दाब उतरला की गाळणंही थोडं कमी होणारच, म्हणजे ही वाढ गोळी लागू पडल्याची खूण असते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ चालवून घेतात. हिशेब सोपा आहे: आधी १.२ असेल तर त्याचे ३० टक्के ०.३६, म्हणून १.५६ पर्यंत चालेल. त्याच्या वर गेलं तर कारण शोधायचं. अंगात पाणी कमी आहे का, दुखण्याची गोळी चालू आहे का, लघवी वाढवणारी गोळी जास्त होतेय का. हे काहीच नसेल तर किडनीच्या दोन्ही धमन्या अरुंद असण्याची शंका येते. बिडी ओढणाऱ्यांत आणि हृदयाच्या रुग्णांत ती जास्त. तेव्हा गोळी थांबवून सोनोग्राफी-डॉपलर करतात.

पोटॅशियम ५ च्या आत असेल तर निवांत राहा. ५ ते ५.५ असेल तर खाण्यात बदल आणि पुन्हा तपासणी. ५.५ च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मात्रा कमी करायची की दुसरं औषध जोडायचं हे ते ठरवतील. ६ किंवा त्याहून जास्त म्हणजे थांबायचं नाही, ईसीजी निघेल अशा दवाखान्यात लगेच जायचं. पोटॅशियम चढल्याचं बऱ्याचदा माणसाला काहीच कळत नाही आणि हृदयाचे ठोके एकदम बिघडतात.

इथे एक गोम आहे. नमुना गावातल्या कलेक्शन सेंटरवर घेतला, दुपारपर्यंत तिथेच राहिला, मग मोटारसायकलवर हादरे खात तालुक्याला गेला, तर रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटं चढतं. रक्त काढताना मूठ पुन्हा पुन्हा आवळली तरी वाढतं. म्हणून ही एक तपासणी तरी जिथे रक्त काढतात तिथेच चाचणी होते अशा लॅबमध्ये करा. आकडा अचानक चढलेला आला आणि बाकी सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी पुन्हा रक्त द्या.

तीन महिन्यांनी एसीआर पुन्हा करा. आधीच्या आकड्यापेक्षा निदान ३० टक्के उतरला तर गोळी काम करतेय. नंतर सगळं स्थिर असेल तर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तीन ते सहा महिन्यांनी पुरेसं.

घरी बीपी मोजताना

बाजारातून आल्या आल्या, चहा पिऊन, तंबाखू तोंडात धरून मोजलेलं बीपी कामाचं नाही. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिसरी काही नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. दोन वेळा मोजा, मध्ये एक मिनिट जाऊ द्या. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा एक आठवडा सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी असं लिहून ठेवा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३०/८० च्या आत हवं. जुन्या शुगरवाल्यांनी उभं राहूनही एकदा मोजावं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने पडत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, मात्रा वाढवण्याआधी त्यांना ते माहीत असलं पाहिजे.

मीठ आणि केळी

मीठ जास्त खाल्लं की या गोळीचा गळती रोखण्याचा गुण बराच बोथट होतो. दिवसाचं मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यातच सगळं बसवायचं. आपल्याकडे ते भाजीतून कमी आणि बाजूच्या वस्तूंतून जास्त येतं. बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, लोणचं, ठेचा. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, तोही सोडियमच. कळण्याचं पीठ बऱ्याच घरी मीठ घालूनच दळतात आणि वर भाकरीसोबत ठेचा असतो. दळायला देताना मीठ वगळा, एवढ्या एका बदलाने बराच फरक पडतो. शेवभाजीत शेवेचं मीठ वेगळं आणि रश्शाचं वेगळं. करायचीच असेल तर रश्श्यात मीठ घालू नका, शेव ते पुरवते. भरताला मीठ थोडं कमी पडलं तर लिंबू आणि हिरवी मिरची निभावून नेतात.

मात्र मीठ कमी करायचं म्हणून 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. ही गोळी पोटॅशियम शरीरात राखते, वरून मिठातून तेच पोटात जातं. सैंधवही मीठच आहे, त्याने काही वाचत नाही.

रावेर-यावलच्या माणसाला केळी सोडा म्हणणं सोपं नाही, आणि सरसकट तसं म्हणायची गरजही नाही. १०० ग्रॅम केळ्यात साधारण ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. रक्तातलं पोटॅशियम ५ च्या आत असेल आणि ईजीएफआर ६० च्या वर असेल तर केळ्याला बंदी पोटॅशियममुळे नाही. शुगरसाठी जेवढं प्रमाण ठरलंय तेवढंच खा. आकडा ५ च्या वर गेला तर केळी, नारळपाणी, मोसंबीचा रस, खजूर, सुकामेवा, टोमॅटोचं सार हे बंद. बटाटा आणि भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या, बरंचसं पोटॅशियम त्यासोबत जातं. भरीत भाजून करतात, त्यामुळे वांग्यातलं पोटॅशियम वांग्यातच राहतं. अशा दिवसांत ते थोडंच वाढून घ्या.

गोळी कधी थांबवायची

जुलाब, उलट्या, खाणं-पिणं बंद पडेल असा ताप, उष्माघात. यातलं काहीही झालं तर ही गोळी त्या आजारपणापुरती थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. तिच्यासोबत लघवी वाढवणारी गोळी, मेटफॉर्मिन आणि '-ग्लिफ्लोझिन' घराण्याची शुगरची गोळीही थांबते. ग्लिमेपिराइड असेल तर पोटात अन्न नसताना शुगर पडते, तीही विचारून थांबवा. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही. मात्रा विचारा आणि दर चार तासांनी शुगर मोजा. ही यादी आजारी नसतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्यावर कुणाला काही आठवत नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घोळा, थोडं थोडं प्या. शुगर आहे म्हणून ओआरएस टाळू नका, त्यातली साखर औषधापुरतीच आहे. पायांना आधीच सूज असेल किंवा हृदय कमजोर असेल तर किती प्यायचं हे विचारून. सहा-आठ तास लघवीच झाली नाही, माणूस गुंगीत गेला, श्वास जोरात चालायला लागला, तर घरी थांबू नका.

व्यवस्थित खाणं-पिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी गोळी पुन्हा चालू करायची. हे वाक्य दोनदा वाचा. आजारपणात थांबवलेली गोळी परत सुरूच न करणं ही दुसरी मोठी चूक आहे, आणि ती सहा महिन्यांनी एसीआरमध्ये दिसते.

आता उन्हाळ्याचं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाऊ शकतो. नुसतं ऊन आहे म्हणून गोळी बंद करायची नसते. पण घाम खूप जातो आणि बीपी आपोआप उतरतं, त्यामुळे हिवाळ्यात बसलेली मात्रा आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास जास्त होऊ शकते. एप्रिलमध्ये बीपी आठवड्यातून दोनदा मोजा. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा वरचा आकडा १०० च्या खाली जात असेल तर डॉक्टरांना भेटून मात्रा कमी करून घ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळीची. चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांनी निघायच्या आठवडाभर आधीच हे विचारून ठेवावं. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर उन्हात चालणं, त्यात उपास, रात्री पाय दुखतात म्हणून कुणीतरी दिलेली गोळी. एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की धडधाकट दिसणाऱ्या माणसाचीही किडनी बसते.

दुखण्याची गोळी

पायी वारीत दिली जाणारी ती गोळी बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा निमेसुलाइडची असते. गुडघेदुखी आणि कंबरदुखीचं इंजेक्शनही बऱ्याचदा त्यातलंच. ही औषधं गाळणीच्या मागचा व्हॉल्व्ह आवळतात. आपली गोळी पुढचा सैल करते. 'एच'वाली गोळी टाकीतलं पाणी कमी करते. तिन्ही एकत्र आल्यावर जाळीवर दाब उरतच नाही. दुखलं तर साधी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची घ्या, दिवसाला किती चालतील हे आपल्या डॉक्टरांना विचारून. स्ट्रिपवर पॅरासिटामॉलसोबत दुसरं नाव जोडलेलं असेल तर ती नको. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं कोट्रायमॉक्सॅझोल आणि पाणी काढायची स्पायरोनोलॅक्टोन ही दोन्ही पोटॅशियम चढवतात. ती लिहून दिली तर आपली गोळी चालू असल्याचं आठवणीने सांगा. भस्म असलेली गावठी औषधं आणि नाव-गाव नसलेल्या पुड्या पूर्ण बंद.

बायकांसाठी

दिवस राहण्याची शक्यता असेल तर ही दोन्ही घराणी चालत नाहीत. गर्भाच्या किडनीला इजा होते. मूल हवं असेल तर आधीच सांगा, म्हणजे लॅबेटालोल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा अशी बदली करता येते. गोळी चालू असताना पाळी चुकली तर तपासणी करून लगेच डॉक्टरांना गाठा. लेकीसुनेला लहान वयात शुगर झाली असेल तर घरातल्या मोठ्या बायकांनाही हे ठाऊक असावं.

सोबतची औषधं, आणि मोठ्या डॉक्टरांकडे कधी

एकट्या या गोळीवर आता कुणी थांबत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सोबत दिली तर किडनीची झीज आणखी मंदावते. ती मागचा, सैल पडलेला व्हॉल्व्ह आवळते, म्हणजे दाब दोन्ही बाजूंनी सांभाळला जातो. तीही सुरू केल्यावर ईजीएफआर थोडा खाली येतो, तेही घाबरण्याचं कारण नाही. २०२० नंतर डॅपाग्लिफ्लोझिन देशी कंपन्यांनीही काढलं आणि त्याचा भाव बराच उतरला. टेल्मिसार्टन तर जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळते. भाव कमी म्हणून औषध हलकं, असं नसतं.

ईजीएफआर ३० च्या खाली गेला म्हणून '-सार्टन' आपोआप बंद होत नाही. पोटॅशियम आणि बीपी सांभाळत ती चालू ठेवता येते. पण तिथून पुढे किडनीच्या डॉक्टरांकडे जायला हवं. एसीआर औषधं असूनही ३०० च्या वर राहतोय, ईजीएफआर वर्षात पाचाहून जास्त घसरतोय, लघवीत रक्त दिसतंय, पोटॅशियम वारंवार चढतंय, तरीही जा. आणखी एक खूण लोकांना माहीत नसते: डोळ्याच्या पडद्याची तपासणी स्वच्छ आहे पण लघवीतून प्रोटीन एकदम भरपूर जायला लागलंय, तर ते शुगरमुळे नसून किडनीचा दुसरा आजार असू शकतो. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, तोही किडनीला धरतो, तेव्हा घरात कुणाला असेल तर सांगा. जाताना गेल्या दोन वर्षांचे क्रिएटिनिन आणि एसीआरचे कागद तारखेच्या क्रमाने लावून न्या, वर स्ट्रिपांची पिशवी. एका आकड्यावरून डॉक्टरांना फार काही सांगता येत नाही, चार आकड्यांवरून उतार किती तीव्र आहे ते दिसतं.